गयाबाईंची डबी

गोळी देऊन तास झाला तरी गयाबाईंचे ठोके शहाऐंशीच्या खाली येईनात.

मी जालन्यात एका खासगी सेंटरवर सीटी टेक्निशियनचं काम शिकते. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच. त्यामुळे बोलण्याआधी दोनदा विचार करते.

गयाबाई कुंभार पिंपळगावहून सुनेबरोबर आल्या होत्या. चढ चढला की छातीत दुखायचं. धमनीतून हृदयापर्यंत नळी घालायची तपासणी म्हटली की त्या घाबरत. म्हणून डॉक्टरांनी आधी सीटी सांगितली. यात हाताच्या शिरेत औषध सोडून हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे फोटो काढतात. हृदय धडधडत असेल तर फोटो हलतात. ठोके साठ-पासष्टच्या आसपास हवेत.

"मावशी, चहा घेतला?"

"न्हाई."

"तंबाखू?"

"देवाशप्पथ न्हाई! मालक खायचे, तर त्यांची भी पुडी फेकायची मी."

मला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आज नाही होणार. पुढची तारीख द्या."

सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, आत्याबाई परत येणार न्हाईत. आजच कशाबशा आल्यात."

तेवढ्यात गयाबाई बेसिनवरून आल्या. उजव्या हाताची तर्जनी काळी होती. माझ्या आईची असते तशीच.

"मावशी, मिश्री लावली?"

"लावली की. दवाखान्यात का घाण तोंडानं यावं?"

"सकाळपासून तिसऱ्यांदा घासून राह्यल्या," सून म्हणाली. "अन् दात हायेत पाच!"

मिश्री म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. तिनं ठोके वाढतात. पण गयाबाईंच्या लेखी ते दात घासणं होतं. त्या खोटं बोलल्या नव्हत्या.

मी चाचरत मॅडमना सांगितलं.

"तुला कसं कळलं?"

"आई लावते, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. "मिश्रीची डबी काढून घे. दोन तास थांबू."

डबी माझ्या खिशात गेली. तेवढ्या वेळात आम्ही दोघींनी श्वास रोखायचा सराव केला. "विहिरीत बुडी मारल्यावानी," त्या म्हणाल्या. दोन तासांनी ठोके चौसष्ट. फोटो स्वच्छ आले. एक रक्तवाहिनी थोडी अरुंद निघाली. डॉक्टर म्हणाले, सध्या गोळ्या पुरेत, नळीची गरज नाही.

गयाबाईंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मग तोच हात पुढे केला, "डबी दे."

मी ती सुनेकडे दिली.

आमच्या फॉर्मवर तंबाखूखाली आता मॅडमच्या अक्षरात एक ओळ आहे : दात कशाने घासता? ती वाचून दाखवायचं काम त्यांनी मला दिलंय. पहिल्यांदा मी ती घरी आईला वाचून दाखवली.