आईची कळ

आईची शुगर अचानक वाढली आणि वजन उतरू लागलं, तेव्हा उतरलेल्या वजनावर नातेवाईक खूशच होते. म्हणत, सकाळचं फिरणं मानवलं. मला मात्र तिच्या ब्लाउजच्या सैल बाह्या बघून राग यायचा, आणि राग आला की मी माणसाला डॉक्टरकडे नेते.

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, दवाखान्यात तेव्हा एक नवीन कॉम्प्युटर आला होता. डॉक्टरांनी समजावलं की जुन्या रुग्णांचे रिपोर्ट त्याला शिकवले आहेत. वय, शुगर, वजन, दुखणं भरलं की पोटातल्या एका दुर्मीळ कॅन्सरचा धोका कोणाला आहे, कोणाचं स्कॅन आधी करावं, हे तो सुचवतो. "फैसला नहीं, अंदाज़ा है," ते म्हणाले. म्हणजे पत्रिकाच, मी मनात म्हटलं.

नर्स विचारत होती आणि भराभर टाइप करत होती.

"अम्मा, पेट में दर्द?"

"दर्द नहीं जी, बस कळ आती है."

"कल की कल देखेंगे अम्मा," ती हसली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळली. आईही हसली. पडद्यावर हिरवी पट्टी आली: धोका कमी, सहा महिन्यांनी या.

घरी परतताना बडा फुहारा चौकाच्या गर्दीत आमची ऑटो अडकली होती. आईने पोट दाबलं.

"काय झालं?"

"काही नाही ग, कळ आली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ऑटोवाल्याला म्हटलं, "भैया, वापस लो."

"काहून परत चालली? तिनं तर ठीक सांगितलं ना."

"तिनं कल ऐकलं, आई. तुझं दुखणं लिहिलंच नाही."

"मग मी काय खोटं बोलली?"

नर्सवर मी जरा जास्तच तडकले. तिने शांतपणे विचारलं, "कळ मतलब?" जन्म हिंदीत गेला, पण मला नेमका शब्द सापडेना. टीस? मरोड़? शेवटी आईनेच तिचा हात धरून पोटावर ठेवला आणि पाठीकडे नेला. "यहाँ से उठती है, पीठ में जाती है." नर्सने पुन्हा टाइप केलं. हिरवी पट्टी लाल झाली.

डॉक्टरांनी त्याच दिवशी स्कॅन केलं. स्वादुपिंडात छोटी गाठ होती, त्याच दुर्मीळ जातीची, पण अजून कुठे पसरली नव्हती. नागपूरला ऑपरेशन झालं. तिथले सर्जन म्हणाले, एवढी लहान असताना ही सहसा सापडतच नाही. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

कॉम्प्युटरला आता मी पत्रिका म्हणत नाही. पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हे त्यालाही लागू आहेच.

पुढच्या तपासणीला तीच नर्स होती. खुर्ची पुढे ओढून, जीभ जपून मागे वळवत तिने विचारलं, "अम्मा, अब कळ आती है?"

"नहीं बेटा," आई म्हणाली. "अब कल आता है."