उंदरांची चरबी आणि माझी एक नोंद

धाकटीने परवा फोनवर दाखवलेले यंत्र मी दोनदा पाहिले. जिवंत, जागा उंदीर एका नळीत शिरतो, नळी यंत्रात सरकते, आणि दोन-तीन मिनिटांत त्याच्या अंगात चरबी किती, मांस किती, पाणी किती, ते पडद्यावर येते. उंदीर परत पिंजऱ्यात जाऊन खायला लागतो. "आजी, तुमच्या वेळी कसं करायचात?" असे तिने विचारले. ते फोनवर सांगण्यासारखे नव्हते, म्हणून तुम्हा सगळ्या भावंडांसाठी लिहून ठेवते आहे.

आमच्या वेळी चरबी मोजली की उंदीर उरत नसे. आधी जिवंतपणी वजन. मग झाकणाच्या बरणीत ईथरचा बोळा. पोट उघडून आतडी रिकामी करायची आणि उरलेले शरीर ओव्हनमध्ये वाळत ठेवायचे. ते रोज तोलायचे. लागोपाठ दोन दिवस वजन तेच आले की पाणी गेले असे धरायचे. मग त्याची पूड करून ती जाड कागदाच्या नळीत भरायची आणि काचेच्या उपकरणात ठेवायची. खाली ईथर उकळे, वर गार होऊन पुडीवर ठिबके आणि पुरेसे साचले की चरबी विरघळवून घेऊन आपोआप खाली उतरे. दिवसभर हेच चाले. शेवटी ईथर उडवून टाकले की चंबूच्या तळाशी पिवळसर तेल उरे. ती चरबी. एका उंदराची चरबी अशी एकदाच कळे.

स्वातंत्र्याला तेव्हा वीस वर्षेही झाली नव्हती. मी साताऱ्याहून लग्न होऊन बनारसला आले होते आणि विद्यापीठात संशोधन करत होते. साध्या खाण्यावरचे उंदीर आणि तूप मिसळलेल्या खाण्यावरचे उंदीर, यांच्या चरबीत काय फरक पडतो हा माझा विषय. शिक्षण सगळे इंग्रजीत झालेले, घरात मराठी, आणि हिंदी मात्र दुकानदारापुरती. सासरचे घर ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत होते. सासूबाईंचा जन्म तिथलाच, त्यामुळे त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असे. मी दारात आले की म्हणत, "आलीस उंदरांच्या कचेरीतून? आधी नहाणीत जा, मग चौक्यात ये." चौका म्हणजे त्यांचे स्वयंपाकघर. ईथरचा वास माझ्या पदराला दोन धुण्यांनंतरही येई.

उंदरांच्या खोलीची सगळी व्यवस्था एका वयस्क माणसाकडे होती. ते रामनगरला राहत आणि पावसाळ्यात पिपांवर तरंगणारा पूल काढला की नावेने गंगा ओलांडून येत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते आणि एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. पण उंदीर शेपटीने उचलून तळहातावर घेत, कमरेच्या हाडांवरून अंगठा फिरवत आणि सांगत, "ये पीठ से हल्का है. ये कमर से भारी है." हाड बोटाला टोचते की मांसात बुडते, यावरून त्यांना ते कळे. मी आधी गंमत म्हणून, मग सवयीने, त्यांचे म्हणणे रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात लिहू लागले. लिहीत असे इंग्रजीत, कारण रजिस्टर इंग्रजीत होते. माझे रजिस्टर फार नीटनेटके असे. पट्टी धरून रेघा, नर-मादी, कानाला पाडलेल्या खाचेचा क्रमांक, दर सोमवारचे वजन. आमचे सर ते नव्या मुलांना नमुना म्हणून दाखवत.

तूप खाणाऱ्या नरांच्या एका पिंजऱ्यात एक उंदीर भराभर वाढू लागला. मी खूश होते, कारण मला हवे ते दिसत होते. एका सोमवारी त्यांनी त्याला हातावर घेतले, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बहिनजी, ई तो पेट से है."

पीठ से, कमर से, तसेच पेट से. मी लिहिले, पोटाच्या भागात चरबी.

पाच दिवसांनी त्याची पाळी आली. पोट उघडले तर आत पिल्ले होती. दोन बाजूंना मण्यांसारखी ओळीने.

सर शेजारीच उभे होते. नरांच्या पिंजऱ्यात मादी, म्हणजे त्या पिंजऱ्यातले सगळेच आकडे संशयास्पद. तिच्यावरून इतर नर भांडलेले, शेपट्या चावलेल्या, खाणे कमी-जास्त झालेले. "साफसफाई करताना इकडचा उंदीर तिकडे टाकला असणार," सर म्हणाले. "दिसतं कुठे त्याला? किती दिवस चालवून घ्यायचं? त्याला डोळे तपासायला पाठवतो." तपासणीत नापास झाला की माणूस घरी. रामनगरच्या त्या गृहस्थांच्या नोकरीची चार वर्षे उरली होती.

त्या मादीच्या कानाची खाच मात्र मी पाहिली होती. तो क्रमांक पहिल्या दिवसापासून त्याच पिंजऱ्याचा होता. तीन आठवड्यांच्या पिल्लांमध्ये नर आणि मादी ओळखायला कठीण असतात. शेपटीखालच्या दोन छिद्रांमधले अंतर पाहून ठरवावे लागते, आणि ते मीच ठरवले होते. त्या क्रमांकापुढे 'नर' असे माझ्याच अक्षरात होते. मी हात धुतले, उपकरण पुसले आणि घरी जायला निघाले.

रामनगरचे ते गृहस्थ फाटकापाशी माझी वाट पाहत थांबले होते. आवाज रोजचाच होता.

"बहिनजी, साहब कहते हैं हमने उलट-पलट कर दिया. आप वो रजिस्टर दिखा दीजिए न उनको."

"रजिस्टर का?"

"हमने तो सोमवार को ही बता दिया था. पेट से है. आपने हमारे सामने लिखा था."

मी मान हलवली. पण पेट से म्हणजे नक्की काय, हे अजून कुणाला तरी विचारावे असे मला वाटत होते. निदान एखादा दुसरा अर्थ निघेल अशी आशा असावी. घरी सासूबाई विळीवर दोडकी चिरत बसल्या होत्या.

"आई, इथे पेट से आहे म्हणतात, म्हणजे काय?"

त्यांचा हात थांबला. "कोण? तू?"

"नाही, नाही. एक उंदीर. म्हणजे उंदरीण."

"हात् तुझी. मला वाटलं आता गल्लीत पेढे वाटायचे." त्या पुन्हा चिरू लागल्या. "मग काय, उंदरिणीचं डोहाळजेवण करतेस? पेट से म्हणजे पोटुशी. दोन वर्षं झाली बनारसला येऊन, एवढं येत नाही?" आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिला मारलंत का गं?"

"हो."

त्या दिवशी मला नहाणीत जायची आठवणही त्यांनी करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलावर रजिस्टर उघडून ठेवले.

"सर, ती मादी पहिल्यापासून त्याच पिंजऱ्यात होती. ओळखायला मी चुकले."

"तुम्ही? तुमचं रजिस्टर तर मी इतरांना दाखवतो."

"त्यातच आहे, सर. हा तिचा क्रमांक. आणि हा शेरा. त्यांनी मला सांगितलं होतं, 'पेट से है'. मी चरबी लिहिली."

सरांनी तो शेरा दोनदा वाचला. त्यांना हिंदी चांगली येत होती, त्यामुळे झालेला घोटाळा समजावून सांगावा लागला नाही. ते हसले नाहीत. टेबलावर डोळ्यांच्या तपासणीचे पत्र सहीसाठी ठेवलेले होते. ते त्यांनी घडी घालून खणात टाकले.

"एका पिंजऱ्याचं हे झालं," ते म्हणाले. "इतर पिंजऱ्यांतले नर-मादी कोणी ठरवले?"

"मीच."

"मग सगळी मालिका पुन्हा करावी लागेल."

"हो, सर."

त्यात पुढचे वर्ष गेले. तेव्हा मला ते फार वाटले. माझ्याबरोबरच्या मुलाचा प्रबंध आधी पूर्ण झाला आणि त्याने मला चहा पाजताना दोनदा विचारले, "काय, चरबी पोटाकडेच ना?" मी ऐकून घेतले.

नव्या मालिकेत नर-मादी ठरवताना मी रामनगरच्या त्या गृहस्थांना शेजारी बसवू लागले. डोळ्यांना कमी दिसे तरी त्यांच्या बोटांना अंतर बरोबर लागे. रजिस्टरातही एक नवा रकाना आखला. त्याला नाव दिले, 'जसे सांगितले तसे.' त्यात त्यांचे शब्द देवनागरीत, एकही न बदलता. पान भरले की मी ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवी. ते डोळे मिटून ऐकत आणि मधेच म्हणत, "नहीं, इसको हमने थोड़ा भारी कहा था. थोड़ा लिखिए." अंगठ्याने लावलेला हलक्या-भारीचा क्रम आणि ईथरने दाखवलेला क्रम बहुतेक वेळा जुळे. जिथे जुळत नसे तिथे मी आधी माझा चंबू तपासू लागले.

सरांच्या ओळखीने एका थंडीत त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. सुटीवरून आले ते जाड चष्मा लावून. पहिल्या दिवशी त्यांनी पिंजरे एकेक करून उजेडात नेऊन पाहिले आणि म्हणाले, "सब गंदा है. हम समझते थे साफ करते हैं."

मालिका संपत आली होती तेव्हाची गोष्ट. सकाळी मी ईथरची बरणी उघडली आणि तोंड फिरवून दाराशी जाऊन उभी राहिले. दुसऱ्या सकाळीही तेच झाले. घरी हे अजून फक्त सासूबाईंना कळले होते, आणि त्यांनी कुणाला सांगायचे नाही अशी ताकीद दिली होती. ते उंदरांच्या खोलीतून आले, माझ्या हातातले झाकण घेतले आणि बरणीवर घट्ट बसवले.

"ये काम अब लड़कों को दीजिए, बहिनजी."

"क्यों?"

"तीस साल से यही देख रहे हैं." चष्मा काढून ते धोतराच्या सोग्याने पुसू लागले. मग खाली बघतच म्हणाले, "बस, रजिस्टर में इस बार ठीक से लिखिएगा."

ती तुमची आई.