पावडर स्टीलच्या आठ सुऱ्या

बंगळूरला मारतहळ्ळीच्या आमच्या सोसायटीत मराठी घरं आठ, माझं धरून. त्या आठही घरांत मी एकेक सुरी पोचवली. नुसती पोचवली नाही, प्रत्येक ओट्यापाशी उभं राहून टोमॅटोचे इतके पातळ काप केले की त्यांतून रिंग रोडवरच्या गाड्यांचे नंबर वाचता यावेत. "पावडर स्टील आहे, वहिनी. धातूचं पीठ करून पुन्हा दाबून केलेलं. परदेशी सुरीच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यात. दहा वर्षं दगडाला लावायला नको."

ज्याच्या जिवावर मी हे बोलत होतो, तो शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत सुऱ्या बनवण्याचं वर्कशॉप चालवतो. निपाणीकडचा, माझ्या शेजारच्या गावचा. तरुणपणी आम्ही चार वर्षं एका खोलीत काढली. खोली एवढी मोठी की एकानं कूस बदलायची म्हटली तर दुसऱ्याला जिन्यात जाऊन उभं राहावं लागे. या शहरात मी नारळसुद्धा चार वेळा कानाशी हलवल्याशिवाय घेत नाही. त्याच्या सुऱ्यांची मात्र खोकी उघडूनही बघितली नाहीत. आपल्या भाषेत बोलला, आपल्याकडचा माणूस, विषय संपला.

तिसऱ्या आठवड्यात बायकोनं सुरण चिरायला घेतलं. "अहो, तुमची तलवार बघा जरा." धार एका जागी भाकरीच्या कडेसारखी दुमडली होती.

दोन बस बदलून पीण्याला गेलो. वाटभर त्याची वकिली मीच करत होतो. सुरणच दगडी असेल. एखादी सुरी चुकून आली असेल.

तो डबा खात होता. "बस की रे. दोन घास खा."

मी सुरी पुढे ठेवली. तो दचकलासुद्धा नाही. कानस उचलून पात्यावर फिरवली, तर कानसेनं पातं खरवडलं आणि टेबलावर काळा चुरा पडला.

"साधं पोलाद हाय," तो म्हणाला. "नाव तेवढं लेझरनं कोरलंय."

"मला पावडर स्टील म्हणाला होतास."

"आणि तू किंमत काय म्हणाला होतास? त्यात त्याची नुसती पट्टीबी येत नाही. आली तरी घासायला नको? साध्या दहा-बारा सुऱ्या निघतात तेवढ्यात त्याची एक होत नाही, घासायचा पट्टाच संपतो. वर तापवून पाणी द्यायचं. माझी भट्टी तेवढी तापतच नाही. बाहेर पाठवली की दोन तरी वाकडी होऊन येतात. स्वस्तात ते कोण देतंय लेका? तुला म्हणून सांगतो."

हे मला म्हणून सांगणं तीन आठवडे उशिरा आलं होतं.

मग त्यानं खणातून दुसरी सुरी काढली, काकडी चिरली आणि पातं पुसून त्यावर कानस फिरवली. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली. "ही खरी. घरासाठी केलेली. तू घे. बाकीच्यांचं सोड, त्यांना काय कळतंय."

सुरणापर्यंत मीही त्या बाकीच्यांतच होतो. सुरी हातात घेतली, खोटं कशाला बोलू, फार सुंदर होती. टेबलावर ठेवली आणि निघालो.

"स्वल्प थांब, चहा येतोय," तो मागून म्हणत होता.

सातही घरी जाऊन खरं सांगितलं, पहिल्यांदाच मीठमसाला न लावता. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुम्ही तर तो भावासारखा आहे म्हणाला होता ना?"

"म्हणालो होतो," मी म्हटलं.

मऊ पोलादाची एक सोय आहे. धार पटकन जाते, तशी पटकन लागतेही. दर रविवारी सकाळी आठ सुऱ्या आणि ओला दगड घेऊन मी बाल्कनीत बसतो. त्याचा फोन नेमका तेव्हाच येतो. बायको आणून समोर धरते. मी म्हणतो, हात ओले आहेत. ती टॉवेलही पुढे करते. मी पुढची सुरी दगडाला लावतो.