मुखपृष्ठापुरता संपादक

कॅसेट गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी चाचा तिच्या चाकात करंगळी घालून दोन वेढे फिरवायचे, सैल झालेली टेप ताणून घ्यायचे आणि म्हणायचे, "शेवटपर्यंत बघा. मधेच उठायचं नाय." पिक्चर कुठलाही असो, वाक्य हेच.

नव्वदच्या दशकात ज्यांनी मस्कतला हमरियात दिवस काढले, त्यांना व्हिडिओ कॅसेटची ती दुकानं आठवत असतील. दर्शनी फळ्यांवर हिंदी पिक्चर, पाकिस्तानी नाटकं. चाचांच्या दुकानात मात्र गल्ल्यामागे आणखी एक फळी होती. आफ्रिकेतल्या आणि अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी स्वतः काढलेले पिक्चर तिथे असत. ते माणूस पारखूनच दिले जात. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या जंगबारहून परतलेले दोन ओमानी म्हातारे स्टुलावर बसून चाचांशी स्वाहिलीत तासन्‌तास बोलत.

चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी आफ्रिकेत मोम्बासाला एका थिएटरात ऑपरेटरच्या हाताखाली होते. "मला रीळ लावायला शिकवलं तो उस्ताद काळा. आपल्या डब्यातलं मला द्यायचा. त्याच्या लोकांचे पिक्चर आपल्या लोकांनी बघायला नकोत?" एवढ्या कारणासाठी या माणसाने ऐंशीच्या सुमारास इथे 'दुसरा शो' नावाचं मराठी मासिक काढलं होतं. सायक्लोस्टाइलची आठ पानं. त्यात त्या लोकांचे पिक्चर, गाणी, लग्नं, केस कापायची दुकानंसुद्धा. अकरा अंक निघाले. मग लिहिणारे एकेक करून गावी गेले आणि मासिक बंद पडलं.

ते पुन्हा सुरू करायचं त्यांच्या मनात होतं आणि मी आयता सापडलो. मी रुवीतल्या एका बांधकाम कंपनीत कारकून. कॉलेजच्या वार्षिकांकाचं संपादन केल्याचं मी तोवर हमरियातल्या न्हाव्यालाही सांगून ठेवलं होतं. शिवाय पुण्याचा, म्हणजे सल्ला द्यायला कोणी विचारायची गरज नव्हती.

"माझी मराठी सातवीची," चाचा म्हणाले. "तुम्ही शुद्ध लिवणार. मी हितं आहे तोवर एक अंक निघूदे. मग मी सुटलो."

पहिल्याच बैठकीत मी त्यांच्या टिपणातलं 'काळी माणसं' खोडून 'कृष्णवर्णीय' केलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "काळी म्हणा की. तुम्ही तरी कुठे गोरे?" माझा रंग पाहता मी 'कृष्णवर्णीय' खोडून पुन्हा 'काळी' लिहिलं.

परीक्षणासाठी त्यांनी मला एक कॅसेट दिली. शुक्रवारी बिर्याणी खाऊन मी ती लावली आणि पाऊण तासात घोरायला लागलो. तरी परीक्षण चार पानं झालं. न पाहिलेल्या गोष्टीवर लिहिताना मला कधीच अडचण आलेली नाही. 'शेवट प्रेक्षकांवर सोपवण्याचं धाडस' यावरच सबंध पान खर्ची घातलं होतं.

चाचांनी ते ओळीखाली बोट धरून वाचलं. "शेवट आवडला म्हणता?"

"अप्रतिम. फार संयमी."

"आणि नवरी?"

"नवरीही... सूचक वाटली."

त्यांनी कॅसेट मशीनमध्ये घालून पुढे पळवली. पिक्चर मध्यावरच तुटला आणि पडद्यावर दापोलीतला एक लग्नाचा मांडव आला. कोणा गिऱ्हाइकाने आपल्या बहिणीचं लग्न त्याच टेपवर उतरवून ठेवलं होतं. नवरी मान खाली घालून बसली होती आणि मागे कोणीतरी खुर्च्या मोजत होतं.

"चुकीची कॅसेट गेली तुमच्याकडे," चाचा म्हणाले. "म्हटलं, उद्या तक्रार घेऊन येतील. तुम्ही लेख घेऊन आलात."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझा लेख नीट घडी करून मला परत दिला. पुढच्या शुक्रवारपासून दुकान दुपारी बंद असताना मी त्यांच्यासमोर बसून अख्खा पिक्चर बघायचा, असा दंड ठरला. एका पिक्चरमध्ये एक आई मुलीची वेणी घालते, बराच वेळ नुसती वेणीच. मी घड्याळ बघितलं. "बघा, काय घडत नाय," चाचा हळूच म्हणाले. "घर आहे ते." त्या दिवसापासून मी दंड म्हणून जायचं सोडलं. मला तो माणूस आवडायला लागला होता.

मजकूर जमला. ते सांगत, मी लिहून घेई. "यल्ला, चला, हातानेच लिवा, झेरॉक्स काढू," ते म्हणाले. पण संपादकाला हे कसं चालावं? मी मराठी फॉन्टची फ्लॉपी पुण्याहून मागवली. ती ऑफिसच्या कॉम्प्युटरने घेतली नाही. दुसरी मागवली, तिच्यात जोडाक्षरं फुटत होती. मुखपृष्ठ मी पाच वेळा बदललं. चाचा दर आठवड्याला विचारत, "कधी?" मी म्हणे, "इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात." यात दीड वर्ष गेलं. तोवर सीडी आल्या, त्यांच्या अर्बाबने, म्हणजे ओमानी मालकाने, दुकानात मोबाइल विकायचं ठरवलं आणि चाचांचा व्हिसा संपला.

सीबच्या विमानतळावर मी त्यांना मुखपृष्ठ दिलं. गुळगुळीत, रंगीत, मासिकाच्या नावाखाली माझं नाव लांबूनही वाचता येईल असं. त्यांनी ते उलटून पाहिलं. मागे कोरं होतं.

"आतलं?"

"होतंय, चाचा."

"कागद चांगला आहे," ते म्हणाले आणि दुमडू नये म्हणून त्यांनी ते बॅगेत कपड्यांच्या मधे आडवं ठेवलं.

वर्षाने ओमानमध्येच रुस्ताकला ड्रायव्हर असलेला त्यांच्या गावचा एक गृहस्थ ऑफिसात आला. त्याने एक पाकीट दिलं. आत माझं मुखपृष्ठ होतं आणि त्याला दोऱ्याने शिवलेली बत्तीस पानं. चाचांनी सगळी टिपणं आठवून आठवून पुन्हा स्वतःच्या हाताने लिहिली होती. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नव्हता. पहिल्या पानावर 'अंक बारावा' आणि खाली संपादक म्हणून माझं नाव.

"चाचा रमजानच्या आधी वारले," तो म्हणाला. "बोलले होते, सायबांना वेळ मिळत नाय, आपणच करून देऊ."

मी कंपनीच्या दारात, लोकांसमोर रडलो. मग खालच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. एकही अक्षर सुधारलं नाही. चाळीस प्रती निघायला पाऊण तास लागला.