मूलपेशीतलं मूल

मृणालिनी टिपणीसच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला. बोरीवलीतल्या तिच्या सोसायटीत कुणी ‘डॉक्टरबाई, जरा बीपी बघता का?’ म्हणून आलं, की ती फणकारायची, ‘मी उंदरांची डॉक्टर आहे, चालेल?’

उमेदीची सगळी वर्षं तिने उंदरांवर प्रयोग करत ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, संशोधनात घातली. हाडांच्या पोकळीत नवं रक्त घडवणाऱ्या पेशी राहतात. कॅन्सरच्या पेशी तिथेच पोटभाडेकरूसारख्या घुसतात, औषधांचा मारा चालू असताना गुपचूप झोपून राहतात आणि मागाहून सगळं घर बळकावतात. त्यांना हुसकायचं कसं, हे ती शोधत होती. रक्त घडवणाऱ्या पेशींना ती हट्टाने ‘मूलपेशी’ म्हणायची. मराठीत शब्द असताना स्टेम सेल कशाला, हा तिचा बाणा.

हा बाणाच अंगाशी आला.

खालच्या मजल्यावरच्या नलिनीताईंच्या मुलाला, सिद्धेशला ल्युकेमिया झाला होता. धाकट्या बहिणीच्या, जान्हवीच्या पेशी त्याला जुळल्या. मृणालिनीने तिला सगळं नीट समजावलं होतं, अर्थात ‘मूलपेशी’ म्हणूनच. त्या पेशी रक्तात उतरवणारी जान्हवीची इंजेक्शनं घेऊन झाली होती आणि तिकडे हॉस्पिटलात सिद्धेशच्या हाडांतलं रक्ताचं कोठार औषधांनी पार रिकामं करून झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीच्या पेशी मिळाल्या नाहीत, तर तो वाचणार नव्हता. आणि नेमक्या आदल्या संध्याकाळी नलिनीताई धावत वर आल्या.

“ताई, वायच खाली येवा. विहीणबाई इल्यात, नको म्हणतत!”

जान्हवीची होणारी सासू, मुलुंडच्या रत्नप्रभाबाई, मांडीवर पर्स ठेवून ताठ बसल्या होत्या.

“सुनेच्या मूलपेशी काढल्यावर आम्हाला नातवंडं कशी व्हायची?”

मृणालिनीला आधी काही उमगेचना. मग उमगलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अहो, मूल म्हणजे मूळ! रक्ताचं मूळ!”

“मला नका मराठी शिकवू. मूल म्हणजे मूल. लग्न होऊ दे, मग काय ते काढा.”

“लग्नापर्यंत तो जगणार नाही!”

बोलून गेल्यावर तिला दिसलं, दाराशी नलिनीताई उभ्या होत्या. जीभ हासडावी असं वाटलं तिला. तिने आवाज खाली आणला.

“शेजारीण विरजण मागायला आली, तर तुम्ही देता ना? म्हणून तुमच्या घरचं दही संपतं का? हे रक्ताचं विरजण आहे. दंडाच्या शिरेतून घेतात, थोड्या दिवसांत पुन्हा भरून येतं. पोराबाळांशी याचा काडीचा संबंध नाही.”

रत्नप्रभाबाईंनी मान डोलावली. त्यांना कळलं होतं. चांगलं कळलं होतं.

“देतो की विरजण. पण तिन्हीसांजेला नाही देत कोणी घराबाहेर. आणि लग्नाच्या तोंडावर तर नाहीच नाही.”

असल्या माणसाला काय म्हणावं? कळत नाही त्याला समजावता येतं. कळूनही ज्याला आपल्या उंबऱ्यापलीकडचं मरण दिसत नाही, त्याच्यापुढे सगळं विज्ञान पालथ्या घड्यावर पाणी. मृणालिनी तोंड उघडणार, इतक्यात आतून जान्हवी आली. हॉस्पिटलची पिशवी तिने भरून ठेवली होती. तिने बोटातली साखरपुड्याची अंगठी काढली आणि रत्नप्रभाबाईंच्या पर्सवर ठेवली.

“उद्या दागिने घालून येऊ नका म्हणालेत. तुमच्याकडेच असू दे, आई.”

“अगं, पण परत कधी…”

“दादाला देऊन माझ्यात जे उरेल, ते चालणार असेल तर घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी ती रक्तातून पेशी गाळून घेणाऱ्या यंत्रापाशी पडून राहिली. पुढचे काही आठवडे नलिनीताई रोज हॉस्पिटलच्या फोनची वाट बघत होत्या. मग एका सकाळी त्या धापा टाकत वर आल्या. सिद्धेशच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या होत्या.

“ताई, दही लागला!” म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या.

मृणालिनी आता मूलपेशी म्हणत नाही, विरजण म्हणते. अंगठी अजून मुलुंडलाच आहे. अंगठीचं नाव काढलं की मृणालिनी लालबुंद होते. जान्हवी मात्र हसते आणि म्हणते, “जाऊ दे ना ताई, त्यांच्याकडे तिन्हीसांज असेल अजून.”