गोलकीपरच्या आईची कॉमेंटरी

नवरा गेल्यावर सिंगापुरातल्या चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटवर भेटायला आलेले लोक त्यांच्या पेटंटांबद्दल फार आदराने बोलले. एकाने त्यांच्या शिस्तीबद्दल सांगितलं, एकाने नम्रतेबद्दल. त्यांच्या आयुष्याची शेवटची दोन वर्षं शाळकरी मुलींच्या फुटबॉलमध्ये गेली, याचा कुणी उल्लेख केला नाही. बहुधा सभ्यता म्हणून. तेव्हा ते मीच लिहून ठेवते. मला लिहायला वेळ लागतो, आणि आता वेळ आहे.

सिंगापुरात मुलांनी काहीही केलं तरी त्याचे गुण मिळतात. लेक माध्यमिक शाळेत गेली तेव्हा हे मला कळलं. अभ्यासाखेरीज प्रत्येकाने एक उपक्रम घ्यायचा, त्याला सीसीए म्हणायचं, आणि चार वर्षं तो आनंदाने केल्याबद्दल पॉइंट मिळवायचे. आनंद खरा आहे का, हे शाळा तपासत नाही. हजेरी तपासते. आमच्या ओळखीच्या मराठी घरांनी या व्यवस्थेचा बारकाईने अभ्यास करून मुलींसाठी व्हायोलिन आणि वादविवाद असे दोनच मार्ग सुरक्षित ठरवले होते. आमच्या लेकीने फुटबॉल घेतला, आणि त्यातही ती गोलकीपर झाली, म्हणजे बाकीच्या दहाजणी चुकल्यावर जिचं नाव निघतं ती.

रविवारी ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी बार्बेक्यूभोवती जमलेल्या मंडळींत ही बातमी पसरली. बँकेतल्या एका गृहस्थांनी हातातलं कणीस खाली ठेवलं.

"मुलींचा फुटबॉल? असतो?"

"असतो," नवरा म्हणाले.

"बरं. पण त्याचं पुढे काय?"

"पुढे तीन फॉरवर्ड असतात. मागे आमची ही."

गृहस्थ हसले नाहीत. त्यांची मुलगी व्हायोलिनला होती.

नवऱ्यांनी स्वतः कधी चेंडूला पाय लावला नव्हता. विदर्भातल्या त्यांच्या तालुक्याच्या शाळेत एक फुटबॉल होता, पण तो हेडमास्तरांच्या कपाटात असे. तपासणीला साहेब आले की टेबलावर ठेवत आणि साहेब गेले की परत कुलपात. खेळाच्या तासाला गणिताचे सर येत. त्यामुळे आमच्या लोकांना जसा कुठलाही विषय येतो, तसाच त्यांना फुटबॉल आला. आधी त्यांनी लायब्ररीतून पुस्तकं आणली.

खेळाचे नियम वाचून झाल्यावर ते इतिहासाकडे वळले. शाळेचे जुने वार्षिकांक मिळवून वाचले. आपली शाळा एके काळी मुलांच्या फुटबॉलमध्ये दबदबा असलेली होती, हे त्यांना त्यातून समजलं. दर्शनी भागात काचेच्या कपाटात त्या काळचे करंडक होते. वार्षिक समारंभाला एखादे पोट सुटलेले माजी विद्यार्थी येऊन सांगत, की आम्ही कांपोंगच्या, म्हणजे इथल्या जुन्या खेडेवस्तीच्या, शेजारच्या मैदानात अनवाणी खेळायचो, आधी कोंबड्या हाकलायचो आणि मग खेळ सुरू करायचो. आता त्या कांपोंगच्या जागी बारा मजली इमारती आहेत आणि त्या खेळाडूंची नातवंडं ट्यूशनला जातात. मुख्याध्यापिका या सगळ्याला वारसा म्हणायच्या. या वारशात मुलींच्या संघाचा वाटा असा, की मुलांचा सराव नसेल, हॉकीचाही नसेल आणि विजांचा इशारा देणारा भोंगा वाजत नसेल, तेव्हा मैदान त्यांचं. सिंगापुरात दुपारी वीज कडाडली नाही असा दिवस विरळा. तरी तेवढ्यात त्या खेळायला शिकल्या, हे कौतुकच.

नवरा प्रत्येक सामन्याला जायचे. सार्सची साथ ओसरून काही वर्षं झाली होती, पण त्यांच्या खिशात अजून थर्मामीटर असे. लेकीने बूट घालण्यापूर्वी ते तिचा ताप बघायचे. रात्री जेवताना शिकवणी चाले. प्रत्येक शाळेचा संघ म्हणजे त्यांच्या लेखी एक प्रश्नपत्रिका होती आणि मागच्या सामन्यांतून अपेक्षित प्रश्न काढता येत.

"या शाळेचा ठरलेला प्रश्न म्हणजे लांब चेंडू. तुमच्या बचावाच्या मागे टाकतात आणि ती उंच मुलगी धावत सुटते. उत्तर काय?"

"आय कम आउट, बाबा."

"कधी?"

"अर्ली. बाबा, प्लीज लाह, लेट मी ईट."

मीही सामन्यांना जायचे, पुस्तक घेऊन. फुटबॉलच्या मैदानासारखी वाचायला निवांत जागा दुसरी नाही. नव्वद पानं सहज होतात आणि मध्ये कुणी ओरडलं तर मान वर करून टाळ्या वाजवल्या की काम भागतं. एकदा मी दुसऱ्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशा नजरेने त्यांनी मी भाजी करपवल्यावरही कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांचं पोट दुखू लागलं. हे दुखणं साधं नाही असं कळेपर्यंत ते बरंच पुढे गेलं होतं. डॉक्टर फार सौम्य बोलणाऱ्या होत्या. महिन्यांचा हिशोब करू नका, एवढंच म्हणाल्या. त्यानंतर सल्ल्यांचा पूर आला. कुणी गव्हांकुराचा रस सांगितला, कुणी इगतपुरीचं शिबिर सांगितलं, कुणी नागपूरचे एक वैद्य सांगितले ज्यांचा फोन कधी लागत नव्हता. विहारातल्या ओळखीच्या बाईंनी येऊन वंदना म्हटली आणि त्यांना विचारलं, "भाऊ, काही इच्छा?"

"बरोबरी," नवरा म्हणाले.

बाईंना ती समतेची इच्छा वाटली. त्यांनी हात जोडले. खरी गोष्ट अशी होती, की गटातला शेवटचा सामना यिशुनला होता आणि तो बरोबरीत सुटला तरी आमची शाळा पुढच्या फेरीत जाणार होती. पुढची फेरी म्हणजे आणखी एक सामना. हरलो तर लेक पुन्हा मैदानात उतरणार ती पुढच्या वर्षी. त्यांना आणखी एक सामना हवा होता. माणसं शेवटी काशी मागतात, नातू मागतात. यांनी शून्य-शून्य मागितलं.

सामन्याच्या दिवशी त्यांना वॉर्डातून सोडणं शक्यच नव्हतं. तेव्हा मी मैदानावरून फोन लावायचा आणि दिसेल ते सांगायचं, असं ठरलं. शेजारच्या कॉटवरच्या चिनी आजोबांनाही रस होता, म्हणून नवऱ्यांनी फोन स्पीकरवर ठेवला. अशा रीतीने, आयुष्यात कधी वरच्या पट्टीत न बोललेल्या आणि ऑफसाइड म्हणजे काय हे न कळलेल्या बाईवर कॉमेंटरीचं काम आलं.

"चेंडू कुणाकडे आहे?"

"एका लाल मुलीकडे."

"आपण कोण?"

"आपण पिवळ्या. नाही, थांबा. पिवळ्या आपण. चेंडू आता एका वेणीवालीकडे."

"अगं, वेणी नको सांगू, जागा सांग. डावीकडे की उजवीकडे?"

"माझ्या डावीकडे की तिच्या?"

फोनमधून आजोबांचा आवाज आला, "स्कोअर?"

"झीरो झीरो, अंकल," नवरा म्हणाले. "वाइफ लर्निंग."

पहिला हाफ असाच गेला. त्या दिवशी पुस्तक पिशवीतच राहिलं. मी पहिल्यांदा लेकीला खेळताना पाहिलं. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना गोलकीपर एकटीच स्वतःशी बोलत असते, हातमोजे घट्ट करते, गोलच्या खांबांना हात लावून येते. हे मी त्यांना सांगितलं. "खांबांना हात लावते?" ते म्हणाले. "हे मला दिसलं नव्हतं." मग काही वेळ त्यांनी चेंडू कुठे आहे ते विचारलंच नाही.

दुसऱ्या हाफमध्ये लाल मुली अंगावर येऊ लागल्या. लेकीने दोन चेंडू अडवले. दोन्ही मी इतके वाईट सांगितले, की नवऱ्यांना वाटलं गोल झाले. सामना संपत आला होता. मग एका लाल मुलीने मैदानाच्या मधोमध चेंडू थांबवला आणि मान वर केली.

"मान वर केली?" नवरा म्हणाले. "कुठे बघते आहे?"

"लांब. पलीकडे एक उंच मुलगी आहे, तिच्याकडे."

"उंच मुलगी पळते आहे का?"

"पळायला लागली."

"अगं, लांब चेंडू येतो आहे. आपली कुठे आहे?"

"खांबाजवळ."

"तिला हाक मार! पुढे ये म्हण!"

"मी?"

"मग कोण, हे आजोबा?"

मी उभी राहिले आणि ओरडले, "पुढे ये!" माझा आवाज इतका मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. मैदानाच्या कडेला बसलेले सगळे पालक वळले. लाइन्समन वळला. आणि चौदा वर्षांत आईला ओरडताना कधीच न ऐकलेली माझी लेक, चेंडू सोडून, डोळे विस्फारून माझ्याकडे बघायला लागली.

चेंडू तिच्या शेजारून सावकाश आत गेला.

"काय झालं?" फोनवरून. "आली का पुढे?"

"नाही."

"का?"

"तिने माझ्याकडे बघितलं."

  पलीकडे ते हसायला लागले. पोटाच्या त्या अवस्थेत हसणं म्हणजे शिक्षाच होती. मधे मधे ते 'आई गं' म्हणत होते, आणि पुन्हा हसत होते. आजोबा "स्कोअर? स्कोअर?" विचारत होते आणि नर्स कुणाला तरी रागावत होती.

शिट्टी झाली. एक-शून्य. कोच माझ्याकडे येऊन अत्यंत नम्रपणे म्हणाला, "आंटी, नेक्स्ट टाइम नो कोचिंग फ्रॉम पेरेंट्स, ओके?" मी म्हटलं ओके. नेक्स्ट टाइम नाहीच, हे त्याला कोण सांगणार.

लेक चिखलाने भरलेली, लाल डोळ्यांनी आली. हातमोजे ओले झाले होते, निघत नव्हते, म्हणून मी फोन तिच्या कानाला लावून धरला.

"बाबा, यू टोल्ड हर टु शाउट! आईला! हू डज दॅट?"

नवरा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.  मग ती म्हणाली, "याह, आय नो. लेट झाले." जरा वेळाने, "नो लाह, ती सेक फोरची आहे, लास्ट इयर, शी विल लीव्ह." आणि मग, "राइट बॅकला ती? बाबा, शी कान्ट इव्हन किक!"

डॉक्टरांचं म्हणणं तिला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. इतर संघ बसमध्ये चढले, मैदानावर पाणी मारायला माणूस आला, माझा हात दुखायला लागला तेव्हा मी फोन दुसऱ्या हातात घेतला. नवरा पुढच्या वर्षीचा बचाव लावत होते, आणि लेक एकेका जागेसाठी त्यांच्याशी भांडत होती.