आधी पेन्सिल, मग कटर

कुपवाडच्या वर्कशॉपात लाकडावर नक्षी कोरायचं राउटर मशीन चालवणारे काका नवी फाइल आली की कटर काढून तिथं पेन्सिल बांधतात आणि सगळं डिझाइन आधी पुठ्ठ्यावर चालवून बघतात. पेन्सिलीला टोक ब्लेडनं करतात. तेवढा वेळ कुणाशी बोलत नाहीत.

मी आमच्या घरातला पहिला इंजिनिअर. फुकटच्या सॉफ्टवेअरवर डिझाइन काढतो, कटरनं कुठून कसं फिरायचं तेही त्यातच ठरवतो. काकांच्या पेन्सिलीचा मला राग यायचा.

परवा आमच्याच नव्या घराच्या दाराची फळी नेली. बांधावरच्या सागाची, एकच. तिच्यावर दोन मोर कोरायचे होते.

"काका, स्क्रीनवर बघितलंय मी. थेट कापा."

"स्क्रीनला काय, परत पुसता येतंय. थांब गड्या."

पुठ्ठ्यावर एक मोर झकास उमटला. दुसऱ्याकडे जाताना मात्र पेन्सिल उचललीच नाही, पहिल्याच्या मानेवरून सरळ रेघ ओढत गेली. कटर उचलायची उंची मी शून्यच ठेवली होती.

काकांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "दोन मोर एकाच दाव्याला बांधलं व्हय, इंजिनिअरसाहेब?"

मी तिथंच उंची दुरुस्त केली.

"आता कापू?" काकांनी विचारलं.

मी ब्लेड घेतलं, पेन्सिलीला टोक केलं आणि ती त्यांच्या हातात दिली.